दवाखान्याचा पास माझ्याजवळ होता

किशोर,

उद्या तुझी तेरवी. परवा सकाळच्या विमानानं ऋचा पुण्याले परत जाते. म्हणजे माझ्याजवळ जेमतेम दीड दिवस उरला. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तू मले एक काम सांगतलं होतं, अन् मी ते केलं नाही. हे अजून कोणाले माहीत नाही. तुझ्या विलासले नाही, आपल्या ऋचाले नाही. हे "आपल्या" लिहिताना पेन अडखळला, सांगून ठेवते. तू गेला तरी तुले वाटा द्यायचं माझ्या जिवावर येते.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलत नाही, खरं बोलून राहिली. मी तुझ्यावर जळत होती. थोडीथोडकी नाही, वीस-बावीस वर्षं. सवत असती तं एखाद्या दिवशी झिंज्या धरून गरगर फिरवली असती अन् मोकळी झाली असती. तुझं काय धरणार होती मी? तुझ्या डोक्यावर तं पहिल्यापासूनच चार केस.

राज्य नवीन झालं अन् विलासची भोपाळहून रायपुरात बदली झाली, तेव्हा ऋचा दोन वर्षांची होती. आपल्या मराठी लोकांच्या गणपतीत तू शिडीवर चढून लायटिंगच्या माळा लावून राहिला होता. सिलतऱ्याच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन, पुरानी बस्तीत आजोबाच्या वेळचं घर, माय नुकतीच वारलेली, लग्न नाही. तिसऱ्या पिढीचा रायपुरी तू, मराठी सगळी समजे पण जबाब हिंदीत. मीच विलासले म्हटलं, "एकटा जीव आहे बिचारा, रविवारी जेवाले बोलवा ना." आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेणं कशाले म्हणतात, ते मले विचारा. त्या रविवारी तू भरल्या वांग्याची भाजी तीनदा मागून घेतली, अन् मी खुश झाली होती.

दोन वर्षांनी एका सकाळी मी मटार सोलत बसली होती, अन् विलास समोर येऊन पाटावर बसला. म्हणे, "कुंदा, मी तुले फसवलं. लग्नाच्या आधीच मले माहीत होतं. मायपुढं तोंड उघडलं नाही." मी विचारलं, "बाई कोण आहे?" तो म्हणे, "बाई नाही." खरं सांगू? एक क्षण मले हायसं वाटलं! बाई नाही म्हणे, बरं झालं. मग त्यानं तुझं नाव घेतलं. मी मटार सोलतच राहिली. त्या दिवशी मी शेंगा भांड्यात टाकल्या अन् दाणे कचऱ्यात.

सोडचिठ्ठी आम्ही घेतली नाही. माझ्या दोन थोरल्या बहिणींची पोरं लग्नाची होती, माहेरी अमरावतीले कळलं असतं तं त्यांची लग्नं अडली असती. कागदावर आजही मीच विलासची बायको आहे. घर मात्र त्यानं तुझ्यासंगं केलं, पुरानी बस्तीत. ठरलं असं की पोट्टी सोमवार ते शुक्रवार माझ्याकडे, शनिवार-रविवार तुमच्याकडे. अन् शाळेतून तिले आणायचं कोणी? मी विजेच्या ऑफिसात सहापर्यंत, विलासही तसाच. तुझी सकाळपाळी दोनले सुटे. म्हणजे ज्या माणसाचं तोंड पाहायचं नव्हतं, त्याच्याच हाती रोज आपलं लेकरू द्यायचं.

अन् मग तो फॉर्म. शाळेच्या खिडकीसमोर मी उभी, मागं पंधरा मायबाप. "बच्चे को लेने कौन आएगा", अन् पुढं "रिश्ता". काय लिहू? बापाचा दोस्त लिहिलं तं मॅडम पोरीले सोडणार नाहीत. नवऱ्याचा काय लिहू? त्या नात्याले शब्द मले हिंदीत येत नव्हता अन् मराठीतही नाही. मागची बाई म्हणे, "जल्दी करो ना दीदी." मी लिहिलं, मामा. मले भाऊ नाही, आम्ही तिघी बहिणी, पण रायपुरात हे कोणाले माहीत? एका शब्दात काम झालं, असं वाटलं.

काम झालं नाही, माझी शोभा झाली. शाळेतून ते वस्तीत पसरलं की किशोर म्हणजे कुंदाचा भाऊ. मग लोकांनी हिशेब लावला. नवरा बायकोशी पटत नाही म्हणून निघून गेला, अन् गेला कुठं तं साळ्याकडे! म्हणजे सख्ख्या भावानंसुद्धा बहिणीले सोडून जावयाची बाजू घेतली. मग बाईच खराब असली पाहिजे. घरमालकीणबाई मले जिन्यात थांबवून म्हणे, "कुंदा, अपना स्वभाव थोड़ा बदलो. सगा भाई भी तंग है तुमसे." मी वर येऊन स्टीलचा गिलास असा भिंतीवर फेकला की अजून पोचा आहे. दुसऱ्या दिवशी तुले सांगतलं, तं तू हसत सुटला. मी म्हटलं, "हसून काहून राहिला? माझं घर घेतलं, आता माझं नावही खराब करून राहिला." तू हसणं थांबवलं अन् म्हटलं, "नाम आपने ही रखा था ताई. मैं तो उसमें रह रहा हूँ."

त्या दिवाळीत घरमालकीण विचारू लागली, भाऊबीजेले भाई काहून नाही आला. बोलवावंच लागलं तुले. पाटावर बसला, डोक्यावर रुमाल, समोर ताट. आयुष्यात पहिल्यांदा भाऊ म्हणून कोणाले ओवाळलं, अन् तोही असा. कुंकू लावताना अंगठा इतक्या जोरात दाबला की तू म्हटलं, "ताई, धीरे. हड्डी है." ऋचा टाळ्या वाजवून राहिली होती. तू ओवाळणीत मिक्सर आणला, अन् स्वयंपाकघरातल्या बोर्डाची वायर जळकी होती ती पॅंट वर करून स्टुलावर चढून बदलून गेला. त्यानंतर एक भाऊबीज चुकवली नाही तू. माझ्या दोघी बहिणींच्या दारी कोणी भाऊ येत नाही. मले भाऊ मिळाला, पण कसा मिळाला पाहा.

आता पोट्टीचं सांगते, कारण खरी आग तिथली आहे. नवरा गेला त्याचं मले दुःख झालं, जळाली मी लेकीपायी. मले सकाळी घाई असे म्हणून मी तिचे केस बॉयकट ठेवले होते. तू तिले म्हटलं, वाढव, मी घालून देईन वेण्या. कारखान्यातल्या काळ्या पडलेल्या नखांनी तू दोन वेण्या घालायचा, अशा घट्ट की संध्याकाळपर्यंत एक बट बाहेर येत नसे. एका सोमवारी मी घालून द्यायला बसली, तं आरशात पाहून म्हणे, "आई, तुमसे नहीं होता. मामा जैसी बनाओ." मी कंगवा ठेवला अन् ऑफिसले निघून गेली. पोट्टी तशीच विस्कटलेली शाळेत गेली त्या दिवशी. याची लाज मले आजही आहे.

ताप आला की ती माझ्या कुशीत झोपून तुझं नाव घे. मी कपाळावर पट्ट्या बदलून राहिली, अन् ती "मामा, मामा". मी म्हणे, "अवं माय आहे मी, इथं आहे." ती डोळे उघडे, मले पाहे, अन् पुन्हा मिटे. अशा वेळी माणसाच्या पोटात काय होते ते तुले कधी कळलं नसेल, कारण तुझं नाव न घेता त्या घरातलं कोणी झोपतच नव्हतं.

आठवीत एका पोरीनं तिले वर्गात विचारलं, "तेरे पापा और तेरे मामा एक ही कमरे में सोते हैं ना?" ऋचानं आपल्या डब्यातली भाजी त्या पोरीच्या वहीवर ओतली. प्रिन्सिपलनं आईवडिलांले बोलावलं, गेलो आपण तिघंही. खुर्च्या दोनच होत्या. तू भिंतीले टेकून उभा राहिला. मॅडमनं चष्म्यावरून पाहिलं, "आप?" तू म्हटलं, "मामा हूँ." मॅडम म्हणे, घरातलं वातावरण सांभाळा, पोरीवर परिणाम होते. विलासची मान खाली. मी तोंड उघडलं अन् जे निघालं ते मलेच नवीन होतं. म्हटलं, "मॅडम, या पोरीले शाळेतून न्यायला एक दिवस उशीर झाला का? एक दिवस डबा नसताना आली? अभ्यास अर्धा ठेवून आली? तं मग वातावरण आणखी कसं सांभाळतात ते सांगा." माझी बाजू मी घेत नव्हती, तुझी घेऊन राहिली होती. बाहेर आलो अन् ऋचानं धरला कोणाचा हात? तुझा. मी बोलली अन् हात तुझा. घरी जाताना तुम्ही तिघं पुढं, मी मागं दोन दप्तरं घेतल्यासारखी जड.

त्या दिवशी शाळेतून निघालो तिथूनच आपलं भांडण सुरू झालं, जे संपलं नाही. तुझं म्हणणं, पोरीले खरं सांगून टाकू. माझं म्हणणं, बारावी होऊ दे. ऑफिसं नव्या रायपुरात गेली, विलासले तिकडं क्वार्टर मिळालं, तुम्ही दोघं तिकडं राहू लागले. सणावाराले मी तिकडं यायची, बस जेमतेम, म्हणून मले आणायला-सोडायला तूच यायचा. ते मोठमोठे मोकळे रस्ते, अन् गाडीत आपण दोघं भांडून राहिलो. तू म्हणे, "झूठ बोल-बोल के थक गया ताई. आपने एक दिन लिखा, मैं रोज़ बोल रहा हूँ." मी म्हणे, "मामा आहे तं मामाच राहा. बाप तिले एक आहे. अन् आई एकच." तू गाडी बाजूले घेऊन थांबवली. म्हटलं, "आई की जगह किसने माँगी?" मी खिडकीबाहेर पाहिलं. जागा तू मागितली नव्हती, ते मलेही माहीत होतं. न मागता मिळाली त्याचाच तं राग होता.

शेवटी ती सोळाची झाली अन् एक दिवस वरणभात खाता खाता म्हणे, "आई, मुझे पता है. पापा और मामा का." मी घास तसाच धरून. "कोणी सांगतलं?" "किसी ने नहीं. आँखें हैं ना मेरी." मग म्हणे, फोनवर अशा घरच्या पोरापोरींचा एक गट आहे, कोणाच्या दोन आया, कोणाचे दोन बाप, ती त्यांच्याशी बोलते. तीन वर्षं तू अन् मी ज्यावरून भांडत होतो, ते तिच्याजवळ कधीचं होतं. मी विचारलं, "मग मले काहून नाही सांगतलं?" ती म्हणे, "मामा ने कहा था, आई को जब ठीक लगे तब वो बताएगी, उसका हक़ है." म्हणजे तुले माहीत होतं तिले माहीत आहे, अन् तरी तू माझ्याशी भांडून राहिला होता, की मीच सांगावं म्हणून. आजही कळत नाही यावर रडू की तुझी कॉलर धरू.

उपकारही होते तुझे, नाही म्हणत नाही. भिलाईच्या त्या बाई आठवतात? मुलानं घरी सांगतलं म्हणून आठ दिवस जेवल्या नव्हत्या. कोणाच्या ओळखीनं तुमच्या क्वार्टरवर आल्या, अन् तू त्यांना उचलून माझ्याकडे आणलं. "ताई से बात कीजिए, ताई समझती है." मी काय समजते? चहा ठेवला. त्या रडून राहिल्या होत्या की माझा मुलगा माझ्या हातचा गेला. मी म्हटलं, "बाई, तुमचा मुलगा तुमच्याजवळच आहे, वाचला तो खोटं बोलायचा. माझ्या सासूनं तिच्या मुलाचं ऐकलं असतं तं मी आज कोणा दुसऱ्याची बायको असती, सुखात." त्या रडता रडता हसल्या. त्यानंतर अशा सहा-सात आया आल्या माझ्या स्वयंपाकघरात. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! पण सोमवारी ऑफिसात जाताना मी जरा ताठ चालायची, हेही खरं.

टीव्हीवर कोर्टाचा तो निकाल आला, त्या दिवशी तू पेढे घेऊन आला. "ताई, आज से मैं मुजरिम नहीं." मी म्हटलं, "मग काय वरात काढता काय आता?" तू हसला. पेढा माझ्या हातावर ठेवून म्हटलं, "वरात छोड़ो. कल को मैं मर रहा हूँ तो विलास से साइन लेंगे क्या, ये बताओ." मी म्हटलं, अभद्र बोलू नको.

तं आला तो दिवस. न्यूमोनिया अंगावर काढला तू, विलास रोज ओरडे, डॉक्टरकडे चल, अन् तू "हव, कल" म्हणे. दवाखान्यात नेलं तेव्हा ओठ निळे पडले होते. फॉर्मवर विलासनं लिहिलं, मित्र. काउंटरवरची पोट्टी म्हणे, "फ्रेंड नहीं चलेगा सर, घर का कोई बुलाइए." दुर्गचा तुझा भाऊ फोन उचलेना. वीस वर्षं एका चुलीवर जेवलेला माणूस तिथं परक्यासारखा उभा. त्यानं मले फोन केला, "कुंदा, येशील?" एवढंच. मी गेली अन् लिहिलं, बहन. आडनाव वेगळं, पण लग्न झालेल्या बहिणीचं वेगळंच असते, कोणी विचारलंही नाही. तुझ्या घशात श्वासाची नळी घालायला संमती मी दिली. माझ्या सहीनं.

आत जायला एकच पास. संध्याकाळी पाच ते सहा, एक माणूस. पासवर माझं नाव. आठ दिवस मी तो विलासच्या गळ्यात घातला, गार्डले म्हणे, "जीजाजी हैं, आज ये जाएँगे." आठ दिवस तू बेशुद्ध होता. तो आत जाऊन तुझा हात धरून बसे, अन् मी खाली बाकड्यावर. ऋचाचा पुण्याहून दिवसातून दहा वेळा फोन. मामा कसा आहे, पापा जेवले का. नऊ दिवसांत तिनं एकदाही विचारलं नाही की आई, तू जेवली का.

नवव्या दिवशी विलास आला तो आंघोळ करून, इस्त्रीचा निळा शर्ट घालून, केसाले पाणी लावून भांग पाडून. बेशुद्ध माणसाले भेटायला! माझ्यासमोर उभा राहून म्हणे, "ठीक दिसतो ना?" मले विचारून राहिला होता. माझ्यासोबत सात वर्षं राहिला, माझ्यासाठी एकदा भांग पाडला नाही या माणसानं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "आज मी जाते." तो म्हणे, "हव, जा ना. तुझा भाऊ आहे." एवढ्या साधेपणानं म्हटलं की मले आणखीच राग आला. मी पास गळ्यात घातला.

अन् नेमका त्याच दिवशी तू शुद्धीवर. आदल्या रात्री नळी काढली होती हे वर गेल्यावर कळलं, तोंडावर मास्क. तू मले पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं. मास्क हातानं जरा बाजूले करून म्हटलं, "ताई, उनको भेज दो ना."

मी म्हटलं, "हव."

अन् मी उठली नाही. खाली जाऊन पास देऊन त्याले वर पाठवायला चार मिनिटं लागली असती. मी तिथंच स्टुलावर बसली अन् तुले सांगत राहिली की ऋचाचं उद्याचं तिकीट झालं, की आमच्या गल्लीत पाणी आलं नाही. तू ऐकत होता की नाही कोण जाणे, तुझे डोळे दाराकडे. मी मनात म्हणून राहिली, एक तास. एकच तास मले पाहा. मी काय भिंत आहे का? सहा वाजले, सिस्टर म्हणे, चलिए. तू पुन्हा दाराकडे पाहिलं.

खाली विलास तसाच उभा, शर्टाची इस्त्रीही मोडली नव्हती. "शुद्धीवर आहे?" मी म्हटलं, "नाही. झोपून होता." तो म्हणे, "बरं, उद्या पाहू." दुसऱ्या दिवशी सकाळी दहाले फोन आला.

ऋचा विमानतळावरून सरळ आली अन् माझ्या गळ्यात पडली. बापाच्या नाही, माझ्या. "अच्छा हुआ आई, आख़िरी शाम तुम थी उनके पास. अकेले नहीं थे." तेव्हापासून माझ्याच घरी आहे. माझ्या डोक्याले तेल लावून देते, माझ्या पलंगावर झोपते, ताटात भाजी वाढून विचारते, "आई, और?" बावीस वर्षं ज्यासाठी जळली ते मले मिळालं, किशोर. खोट्यावर मिळालं. ज्या तासाचे ती मले उपकार मानून राहिली, तो मी तुझा चोरला होता. सांगतलं तं हे सगळं जाईल, अन् नाही सांगतलं तं तू दाराकडे पाहतच राहशील. आज एवढंच लिहून थांबते. हात दुखून राहिला.

काल वरचं लिहिलं. आज तेरवी झाली. तुझ्या दुर्गच्या भावानं सगळं केलं, विलास जावयांच्या रांगेत बसला. दुपारी पाहुणे गेले अन् नव्या रायपुरातल्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघंच उरलो. ऋचा माझ्या शेजारी बसून तुझे कपडे घडी करून राहिली होती. विलास खिडकीशी. एकदम म्हणे, "आठ दिवस मी तिथं बाकीचे पेशंट पाहिले, सगळे काही ना काही बोलतात. मले एक शब्द बोलला नाही. डॉक्टरवरून मी त्याले खूप ओरडलो होतो, कुंदा. राग धरूनच गेला वाटते." अन् तुझ्या विलासनं, ज्यानं स्मशानात डोळे पुसले नव्हते, त्यानं तोंड झाकलं.

मले राहवलं नाही. "अहो," मी म्हटलं. वीस वर्षांनी तोंडातून अहो निघालं. "तो शुद्धीवर होता. त्यानं तुम्हाले बोलावलं. मी गेली नाही खाली. मुद्दाम नाही गेली."

ऋचाच्या हातातला शर्ट थांबला. मी सगळं सांगतलं, पास, भांग, स्टूल, पाण्याचा नळ, सगळं. म्हटलं आता हा मले मारेल, अन् मारावंच. विलासनं तोंडावरचे हात काढले.

"बोलावलं मले?"

"हो."

"काय म्हणाला? नेमकं?"

"ताई, उनको भेज दो ना."

"उनको म्हणाला?" अन् किशोर, तो हसला. तोंड ओलं, नाक गळून राहिलं, अन् हसून राहिला तो, परीक्षेत पास झालेल्या पोट्ट्यासारखा. रागवायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. "राग नव्हता तं. बोलावलं मले." अशी कोणी मले हाक मारली तं मीही हसेन. पण मले कोण मारणार? तिथंही जळाली मी, लपवत नाही.

ऋचा मात्र सगळं समजली. ती माझ्या शेजारून उठली. माझ्याकडे पाहिलं नाही. बापाजवळ जाऊन जमिनीवर बसली, त्याच्या गुडघ्याले टेकून. मग मान न वळवता म्हणे, "फिर से बताओ, आई. जैसे मामा ने कहा था, वैसे."

मी सांगतलं. विलास म्हणे, अजून एकदा. मी सांगतलं. तिसऱ्यांदा सांगताना मास्क बाजूले करायचा तुझा हातही माझ्या हातानं झाला, अन् "ना" तुझ्यासारखाच लांब निघाला. दोघंही माझ्या तोंडाकडे टक लावून पाहून राहिले होते. इतकी वर्षं मले हेच पाहिजे होतं. अन् ते पाहत होते तुले.